ढोल-ताशावादकांचे श्रवणरक्षण

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील अकराव्या अध्यायात श्रोत्रेंद्रियाच्या अतियोगाची उदाहरणे दिली आहेत. त्यांत मेघगर्जना आहे, मोठ्याने केलेला आक्रोश आहे आणि पटह, म्हणजे नगाऱ्याच्या जातीचे चर्मवाद्यही आहे. पुण्यातील ढोल-ताशा पथकांचा विचार करताना हे शेवटचे उदाहरण विशेष मननीय ठरते. मेघगर्जना क्षणात विरते. वादक मात्र गणेशोत्सवापूर्वी कित्येक आठवडे सराव करतो आणि मिरवणुकीत तासन् तास वाद्यालगतच असतो. ध्वनिप्रदूषण नियम, २००० यांनी निवासी क्षेत्रासाठी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली, ती परिसराच्या स्वास्थ्यासाठी. वादकाच्या कानाशी किती ध्वनी पोहोचतो, याची मोजणी सहसा कोणी करीत नाही.

आंतरकर्णातील शंखाकृती नलिकेत सुमारे पंधरा हजार रोमपेशी असतात. पक्ष्यांमध्ये नष्ट झालेल्या अशा पेशी पुन्हा निर्माण होतात. मनुष्यात होत नाहीत. व्यावसायिक आरोग्यशास्त्रात ८५ डेसिबलचा ध्वनी दिवसाकाठी आठ तास, ही सर्वसाधारण मर्यादा मानतात. पुढे दर तीन डेसिबलला हा अवधी निम्मा होत जातो. १०० डेसिबलला तो अवघा पंधरा मिनिटांचा उरतो. दहा-वीस ताशे आणि त्यामागे पन्नास ढोल एकाच वेळी वाजत असता ही मर्यादा किती लवकर ओलांडली जात असेल, हे वेगळे सांगावयास नको.

विसर्जनानंतर कानात गुणगुण होणे, दडा बसणे ही लक्षणे बहुधा एक-दोन दिवसांत शमतात आणि वादक निश्चिंत होतो. ही निश्चिंतता फसवी आहे. २००९ मध्ये कुजावा व लिबरमन यांनी उंदरांवरील प्रयोगांत दाखविले की, श्रवणक्षमता पूर्ववत झालेली दिसत असतानाही रोमपेशी व श्रवणनाडी यांमधील संधिस्थाने कायमची नष्ट झालेली असू शकतात. हानीचा प्रारंभ बहुधा तीन ते सहा हजार हर्ट्झच्या पट्ट्यात होतो. त्यामुळे संभाषण चालू राहते. केवळ गर्दीत ‘स’, ‘श’ यांसारखी व्यंजने निसटू लागतात, आणि वादक समोरच्याच्या उच्चारास दोष देतो.

कर्णनाद, बाधिर्य ही नावे आपल्याला सुपरिचित असल्याने तैलाने कर्णपूरण करण्याकडे हात सहज वळतो. कर्णपूरणाने रूक्षता कमी होऊन रुग्णास बरे वाटेल. परंतु नष्ट झालेली रोमपेशी त्याने परत येते, असे मानण्यास आधार नाही. आधी तेल घातले म्हणजे कान सुरक्षित राहतो, ही पथकांत आढळणारी समजूतही आपणच दूर केली पाहिजे. पूरणापूर्वी कर्णपटल पाहणे अनिवार्य आहे. पटलास छिद्र असल्यास तेल घालू नये. एका कानाचे ऐकणे अकस्मात कमी झाल्यास रुग्णास त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे पाठवावे. तेथील उपचारांचा लाभ पहिल्या काही दिवसांतच अधिक असतो. आठवडाभर घरी तेल घालीत राहणे म्हणजे ती संधी गमावणे होय.

खरी चिकित्सा निदानपरिवर्जनाचीच. कापसाच्या बोळ्याने ध्वनी फारसा अडत नाही. फोमचे बोळे उच्च स्वर अधिक दाबतात. ताशा बोदा ऐकू येतो म्हणून वादक ते काढून टाकतो, यात त्याचा दोष नाही. संगीतकारांसाठी गाळणी असलेले कर्णरक्षक मिळतात; ते सर्व स्वर जवळजवळ सारख्या प्रमाणात, सुमारे पंधरा डेसिबलने, मंद करतात व ताल स्पष्ट राहतो. वादकांची आलटून पालटून विश्रांती, सरावात पूर्ण जोर न लावणे, आणि त्या दिवशी इअरफोन व ध्वनिक्षेपकाच्या भिंतीपासून दूर राहणे, एवढे पथकप्रमुखाच्या हाती आहे. सराव सुरू होण्यापूर्वीच प्रत्येक वादकाचा श्रवण-आलेख काढून ठेवावा आणि विसर्जनानंतर दोन-तीन दिवस शांततेत गेल्यावर तो पुन्हा काढून चार हजार हर्ट्झवरील आकडे शेजारी ठेवून पाहावेत.