आधी कागद, मग किल्ली!

मैत्रिणींनो, सासूबाई गेल्यापासून घरामागच्या दोन खोल्या बंदच होत्या. भिशीचे पैसे हाती आले, तशी मी छताची गळती काढली, गिलावा करून घेतला, विजेचं मीटर वेगळं घेतलं आणि खोल्या भाड्याने दिल्या. कुटुंब ओळखीचं, म्हणून सगळं तोंडीच! सहा महिन्यांत भाडं थकलं. विचारलं तर म्हणाले, "वहिनी, एवढं ठरलंच नव्हतं." दाखवायला माझ्याजवळ साधं चिटोरंही नव्हतं.

वकिलांकडे गेले तेव्हा कळलं, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदवलेला हवा. ती जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचंच म्हणणं खरं धरतात. शिवाय मालकाला ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही!

आता करार नोंदवून, अनामत घेऊन, पोलिसांना कळवूनच मी किल्ली देते. वर्षातलं एका महिन्याचं भाडं डागडुजीसाठी बाजूला ठेवते. ओळख आपल्या जागी, कागद आपल्या जागी. कागद केला की ओळखही टिकते, हा माझा अनुभव!