चराईचा हक्क आणि कागदाची भाषा

खानापूर तालुक्यातील भीमगडचे रान २०११ साली अभयारण्य झाले. सुमारे १९० चौरस किलोमीटरच्या या टापूत तळेवाडी, कृष्णापूर, देगाव, आमगाव ही मराठी बोलणारी गावे आहेत. भात आणि गुरे हाच त्यांचा आधार. पिढ्यान्‌पिढ्या सामाईक असलेल्या रानात गुरे सोडायला आता वनखात्याची आडकाठी येते.

जंगल राहावे, याला आमचा विरोध नाही. पण २००६ च्या वनहक्क कायद्याने चराईचा हक्क मान्य केला आहे आणि तो अभयारण्यातही लागू आहे. दावा ग्रामसभेपुढे करायचा. वडीलधाऱ्यांची लिहून घेतलेली जबानी पुरावा म्हणून चालते. घोडे अडते ते इथेच. आजोबा सांगणार मराठीत, सरकारी कागद मात्र कन्नडमध्ये. न कळणाऱ्या कागदावर अंगठा कसा उठवायचा?

जिथे भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के वा अधिक आहेत, तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे संरक्षण जुनेच आहे. चराईच्या कागदांनाही ते लावा, एवढेच आमचे मागणे. तोवर गावकऱ्यांनी रानांची नावे, पाणवठे, गुरांच्या वाटा मराठीत लिहून ग्रामसभेच्या दप्तरी नोंदवाव्यात. जाणती माणसे आहेत, तोवरच हे काम होईल.