डॉन पार्डो : एका निवेदकाची सत्तर वर्षे

मुंबईचे दूरचित्रवाणी केंद्र १९७२ साली सुरू झाले, स्मिता पाटील यांच्यासारख्या वृत्तनिवेदिकेचा चेहरा घरोघरी परिचित झाला, आणि निवेदक म्हणजे पडद्यावर दिसणारी व्यक्ती अशीच आपली समजूत होऊन बसली. परंतु अमेरिकेतील प्रसारण-कंपन्यांच्या पगारपत्रकावर एके काळी असा एक वर्ग होता, की ज्याचा आवाज देशभर ओळखला जाई आणि ज्याचा चेहरा क्वचितच कोणाच्या दृष्टीस पडे. डॉन पार्डो हे त्या वर्गातले.

मॅसॅच्युसेट्स राज्यातील वेस्टफील्ड येथे १९१८ साली जन्मलेले पार्डो, प्रॉव्हिडन्सच्या नभोवाणी केंद्रावर उमेदवारी करून, १९४४ मध्ये न्यूयॉर्कला एनबीसी कंपनीत रुजू झाले. ठराविक अवधीने केंद्राचे नाव पुकारणे, दोन कार्यक्रमांमधला सांधा जुळविणे, जाहिरात वाचणे आणि मधल्या वेळात एका लहानशा बंद खोलीत सज्ज बसून राहणे, हे या नोकरीचे स्वरूप होते. काम वरकरणी कारकुनी. पण उच्चाराच्या बाबतीत कंपनी इतकी काटेकोर, की तिने १९४३ साली उच्चारांचा एक स्वतंत्र कोशच प्रसिद्ध केला होता.

सज्ज बसण्याचे मोल २२ नोव्हेंबर १९६३ रोजी कळून आले. डॅलस शहरी अध्यक्ष केनेडी यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या त्यास जेमतेम पाव तास लोटला असेल, तोच न्यूयॉर्कच्या केंद्रावर चालू असलेली एक विनोदी मालिका मध्येच थांबली, पडद्यावर सूचनेची पाटी आली, आणि तिच्याआडून पार्डो यांनी ते वृत्त वाचले. एनबीसीच्या दूरचित्रवाणीवरील ती पहिली वार्ता. तिचे चित्रमुद्रण कंपनीच्या दफ्तरी नाही. एका प्रेक्षकाने घरच्या घरी केलेल्या ध्वनिमुद्रणामुळे तेवढी ती वाचली. ज्याला मत द्यावयाचे नाही, हळहळ दाखवावयाची नाही, केवळ हाती आलेला मजकूर शुद्ध आणि स्पष्ट उच्चारावयाचा आहे, अशा माणसाच्या संयमाची याहून कठोर परीक्षा मला तरी माहीत नाही.

पुढे ‘जेपर्डी’ या प्रश्नोत्तरांच्या कार्यक्रमात त्यांनी १९६४ ते १९७५ पर्यंत बक्षिसांची वर्णने खुलविली. त्याच १९७५ च्या ऑक्टोबरात ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ सुरू झाला, आणि पहिल्याच रात्री नटसंचाच्या नावातील शब्दांची उलटापालट त्यांच्याकडून झाली! एवढ्या मुरलेल्या माणसाचीही जीभ अडखळावी, हे पाहून नवशिक्यांनी धीर धरावा. मधला एक हंगाम वगळता हा कार्यक्रम त्यांनी अखेरपर्यंत सांभाळला.

२००४ मध्ये ते कंपनीतून निवृत्त झाले, तरी या एका कार्यक्रमापुरती त्यांची चाकरी चालूच राहिली; त्यासाठी ते ॲरिझोनातून विमानाने न्यूयॉर्कला येत, आणि पुढे प्रवास झेपेना तेव्हा घरूनच ध्वनिमुद्रण करून देऊ लागले. १८ ऑगस्ट २०१४ रोजी, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी, टुसॉन येथे त्यांचे निधन झाले. त्यांची जागा डॅरेल हॅमंड यांना मिळाली. हे हॅमंड पेशाने निवेदक नव्हेत; ते त्याच कार्यक्रमातले नट, आणि पार्डो यांचा घसा बसला असता त्यांची हुबेहूब नक्कल करून वेळ निभावून नेणारे नकलाकार होते.