तीनचाकी वाहने आणि लखनौचा कारखाना

लखनौमध्ये ज्या भाडोत्री तीनचाकीला लोक ‘टेम्पो’ म्हणत आले, तिचे कारखान्यातील नाव ‘विक्रम’ असे होते. ‘टेम्पो’ हे मुळात जर्मनीतील हाम्बुर्ग येथील एका कारखान्याचे नाव. त्या कारखान्याची ‘हानसेट’ ही तीनचाकी मालगाडी १९५८ साली स्थापन झालेल्या बजाज टेम्पो कंपनीने आपल्या देशात तयार केली. आणि ती गाडी दिसेनाशी झाली तरी लहान मालमोटारीला, मग तिची चाके तीन असोत वा चार, मराठीत टेम्पो हाच शब्द राहिला. परक्याचे नाव धारण करणारी लखनौची ही गाडी मात्र वंशाने इटालियन होती.

जुन्या वाहनांचा छंद म्हटला की संस्थानिकांच्या झगझगीत मोटारी डोळ्यांपुढे येतात. त्या जपल्या गेल्या याचे एक कारण असे की, त्या फारशा वापरल्याच गेल्या नाहीत. भाजी, विटा आणि माणसे वाहणारी गाडी झिजेपर्यंत वापरली जाते व अखेर भंगारात जाते. म्हणून नमुना म्हणून जपण्यासारखी एखादी मालवाहू तीनचाकी मिळविणे हे उंची मोटार मिळविण्याहूनही कठीण असते.

इटलीतील फर्डिनांडो इनोचेंटी हा पोलादी नळ्यांचा कारखानदार होता. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ साली, त्याने मिलान शहरातील लाम्ब्राते या भागात ‘लॅम्ब्रेटा’ ही स्कूटर काढली. नळ्यांच्या कारखानदाराने स्कूटरचा सांगाडाही नळीचाच करावा हे स्वाभाविक होते. तिच्या प्रतिस्पर्धी वेस्पाचे अंग पत्र्याचे असून तो पत्राच सारा भार पेलतो; लॅम्ब्रेटामध्ये भार नळीवर पडतो आणि पत्रे केवळ आच्छादन म्हणून लावलेले असतात. जुनी गाडी दुरुस्त करणाऱ्याला हा भेद फार उपयोगी पडतो. गंजलेला पत्रा सोडवून दुसरा बसविता येतो, सांगाड्याला हात लावावा लागत नाही.

इटलीत लॅम्ब्रेटाचे उत्पादन १९७१ च्या सुमारास थांबले. १९७२ साली भारत सरकारने स्कूटर्स इंडिया ही कंपनी स्थापन केली आणि इनोचेंटीची यंत्रसामग्री, आराखडे व व्यापारी नावे विकत घेऊन लखनौ–कानपूर मार्गावरील सरोजिनीनगर येथे कारखाना उभारला. १९७५ पासून तेथून देशात ‘विजय सुपर’ आणि परदेशी ‘लॅम्ब्रेटा’ या नावाने स्कूटर जाऊ लागल्या. विक्रम ही तीनचाकी त्याच कुळातील. जन्मभूमीत संपलेले यंत्र दुसऱ्या देशात नव्याने घडत राहावे, हा प्रकार विरळाच. ब्रिटनमधील लॅम्ब्रेटाचे शौकीन आपल्या जुन्या स्कूटरसाठी लखनौचे सुटे भाग मागवीत. कारखान्याने जाणूनबुजून कोणतेही संग्रहालय मांडले नव्हते. तरी एका जुन्या यंत्राची परंपरा त्याने अशी जिवंत ठेवली होती.

या स्कूटरचे इंजिन दोन आघातांचे असते. चार आघातांच्या इंजिनात मुख्य दांड्याच्या दोन फेऱ्यांत एकदाच इंधन पेटते. येथे ते प्रत्येक फेरीत पेटते. वर जाणारा दट्ट्या वरील मिश्रण दाबतो आणि त्याच वेळी खालच्या कोठडीत नवे मिश्रण ओढून घेतो. तो खाली येताना सिलिंडरच्या भिंतीतील खिडक्या उघडतात, एकीतून धूर बाहेर पडतो व दुसरीतून नवे मिश्रण वर शिरते. झडपा नाहीत, त्या हलविणारी यंत्रणा नाही. म्हणून रस्त्याकाठचा कारागीरही हे इंजिन थोड्या हत्यारांनिशी खोलू शकतो. मात्र खालच्या कोठडीतून इंधन जात असल्यामुळे तेथे वंगण साठविता येत नाही. ते पेट्रोलमध्येच मिसळावे लागते आणि जळून निळसर धूर होतो. शिवाय काही मिश्रण न जळताच निसटते. प्रदूषणाचे निकष कडक झाले तेव्हा ही गाडी मागे पडली ती याच कारणाने. आणि ते योग्यच झाले, असे छंदिष्टानेही मान्य करावे.

आता तीन चाकांविषयी. चार चाकांची गाडी जमिनीवर आयतावर उभी असते, तर पुढे एकच चाक असलेली गाडी त्रिकोणावर. गाडीचा गुरुत्वमध्य या आकृतीच्या आत राहील तोवर ती कलंडत नाही. त्रिकोण मागील आसापाशी रुंद असतो आणि पुढे निमुळता होत जातो. म्हणून ओझे मागे ठेवणे हिताचे. वळणावर जोराने गतिरोधक दाबल्यास भार पुढे व बाहेर झुकतो, म्हणजे जेथे आधार सर्वांत अरुंद आहे नेमका तेथेच. हा धोका पत्करून मिळत काय असे? एका चाकाची साधी सुकाणू-रचना, कमी किंमत, आणि अरुंद गल्लीत जागच्या जागी वळण्याची सोय.

लखनौच्या कारखान्यातील स्कूटरचे उत्पादन १९९७ साली थांबले, आणि जानेवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने कंपनी बंद करण्यास मान्यता दिली. त्याच वर्षी जुन्या वाहनांच्या नोंदणीचे नियमही आले. पन्नास वर्षांहून जुने व मूळ रूपात राखलेले वाहन वीस हजार रुपये शुल्क भरून विशेष क्रमांकाने नोंदविता येते. व्यापारी कामासाठी मात्र ते वापरता येत नाही. नियम जाहीर करताना शासनाने दुचाकी व चारचाकी यांचा उल्लेख केला आहे, तीनचाकीचा नाही. ही त्रुटी लहान दिसते, पण ज्याच्या अंगणात जुनी विक्रम उभी आहे त्याला ती लहान वाटणार नाही.

अशा गाडीचे इंजिन वर्षानुवर्षे बंद असेल तर ते एकदम चालू करू नये. ठिणगी देणारा प्लग काढून त्या छिद्रातून चमचाभर वंगण सोडावे, एक दिवस थांबावे आणि मग इंजिन हाताने सावकाश फिरवून पाहावे. टाकीतील जुने पेट्रोल काढून टाकावे, कारण ते डिंकासारखे चिकट होऊन कार्बुरेटरची सूक्ष्म छिद्रे बुजविते. कडक झालेली रबरी सील बदलावीत. ती गळत असतील तर हवा आत शिरून मिश्रण पातळ होते, इंजिन अतिशय तापते आणि दट्ट्या सिलिंडरमध्ये अडकून बसतो. मूळ रंगाचा एखादा तुकडा मात्र कोठेतरी, आसनाखाली का होईना, तसाच राहू द्यावा.