शेवटच्या भागाची वाट

वाचनाचें वेड घरांत एकदां शिरलें म्हणजे तें पडशासारखें एकामागून एक सर्वांना गांठतें. एकत्र कुटुंबांत एकच पुस्तक पांच-सहा जणांच्या हातून जातें. खुणेसाठीं घातलेल्या कागदाच्या कपट्यांवरून कोण कोठवर आलें हें सर्वांना कळतें, आणि पुढें गेलेल्यानें मागच्यास कथानक सांगूं नये हा एकच कायदा घरांत खरोखर पाळला जातो. परंतु पुस्तक संपलें, गोष्ट मात्र संपली नाहीं, आणि पुढचा भाग केव्हां निघेल हें लेखकासहि सांगतां येत नाहीं, अशी वेळ आली म्हणजे ह्या वेडास निराळेंच वळण लागतें. सोलापुरांतील आमच्या घरीं ही अवस्था बारा वर्षें होती. तिची हकीकत येथें देत आहों; कारण तींत एका परदेशस्थ लेखकाबरोबर बाणभट्ट, एकनाथमहाराज आणि आमचे एक वृद्ध काका असे सगळेच येऊन गेले.

२००१ सालीं आमचा पुतण्या कॉलेजच्या पहिल्या वर्षास होता. पुण्याहून येतांना त्यानें जुन्या पुस्तकांच्या ढिगांतून एक जाडजूड इंग्रजी कादंबरी आणिली. रॉबर्ट जॉर्डन ह्या अमेरिकन लेखकाच्या 'व्हील ऑफ टाइम', म्हणजे कालचक्र, ह्या अद्भुतरम्य कादंबरीमालेचा तो १९९० सालीं निघालेला पहिला भाग. तोंपर्यंत मालेचे नऊ भाग प्रसिद्ध झाले होते. एका खेड्यांतील मेंढपाळाच्या घरीं वाढलेला मुलगा हा पूर्वजन्मींचा मोठा योद्धा निघतो, आणि अंधाराच्या अधिपतीशीं अखेरचें युद्ध त्यालाच करावयाचें असतें, हें तिचें सूत्र. कालाचें चाक फिरत असतें; युगें येतात, जातात आणि पुन्हां येतात; माणसेंहि पुन्हां जन्मास येतात.

काका संस्कृतचे निवृत्त शिक्षक. काचबिंदूनें त्यांची दृष्टि जवळजवळ गेली होती. रात्रीं जेवणें आटोपल्यावर ते झोपाळ्यावर बसत, आणि पुतण्या दिवसां वाचलेला भाग त्यांना मराठींत सांगे. युगांचें व पुनर्जन्माचें प्रकरण ऐकून पहिल्याच रात्रीं ते हंसून म्हणाले, "अरे, ही आपल्याच मागावरची चादर; विलायतेची म्हणून कशाला सांगतोस?" मात्र दुसऱ्या रात्रीं त्यांनींच त्याला हांक मारली. महिन्याभरांत सगळें घर झोपाळ्याभोंवतीं जमूं लागलें. आमच्या वहिनींची एकच तक्रार असे, कीं ह्या गोष्टींतील माणसांपेक्षां लग्नाच्या आमंत्रणांची यादी लहान असते.

नऊ भाग दोन-अडीच वर्षांत संपले आणि मग वाट पाहणें सुरू झालें. २००५ च्या ऑक्टोबरांत अकरावा भाग निघाला. बारावा भाग हाच शेवटचा, तो कितीहि मोठा होवो, असें लेखकानें सांगून टाकलें. त्यानंतर थोड्याच महिन्यांत त्याला हृदयाच्या स्नायूंस ग्रासणारा एक दुर्मिळ रोग जडल्याची वार्ता आली. पुतण्या तेव्हांपासून पुस्तकाची चौकशी करण्याआधीं लेखकाच्या प्रकृतीची चौकशी करूं लागला. असली काळजी थोडी स्वार्थाची असते हें खरें. पण निव्वळ स्वार्थाचीहि ती नसते, असें आमचें मत आहे.

हें वेड नवीन आहे असें कोणीं समजूं नये. हरिभाऊ आपट्यांनीं १८९० सालीं 'करमणूक' पत्र काढलें, आणि त्यांच्या कादंबऱ्या त्यांतून प्रकरणाप्रकरणानें येऊं लागल्या. 'उषःकाल' १८९५ पासून दोन वर्षें असा येत होता. एक अंक वाचून पुढच्या अंकाची वाट पाहणारीं घरें त्या काळीं गांवोगांव होतीं. पुढें १९२० नंतरच्या दशकांत नाथमाधवांनीं 'स्वराज्याचा श्रीगणेशा', 'स्वराज्याची स्थापना', 'स्वराज्याचा कारभार' अशी मालाच गुंफली. हे नाथमाधव, म्हणजे द्वारकानाथ माधव पितळे, तरुणपणीं सिंहगडाच्या कड्यावरून पडून कमरेखालीं लुळे झाले होते. त्या स्थितींत त्यांनीं एवढें लिहिलें आणि १९२८ सालीं, पन्नाशीहि न गांठतां, ते गेले. बिछान्यावरून लिहिणाऱ्या त्या माणसाचा पुढचा भाग येईल ना, ही शंका त्या काळच्या वाचकांच्या मनांत कधींच आली नसेल असें आम्हांस वाटत नाहीं.

हरिभाऊंच्या बाबतींत तर शंकेस जागाच नाहीं. त्यांची 'गणपतराव' अर्धीच राहिली ती राहिली. ती पुरी करण्यास कोणी धजला नाहीं, आणि आज ती वाचणारा शेवटच्या पानावर येऊन भिंतीशीं थबकल्यासारखा थबकतो. उत्तरेकडे काशीस मात्र निराळें घडलें. देवकीनंदन खत्री ह्यांच्या 'चंद्रकांता'नें व तिच्या मागून आलेल्या २४ भागांच्या 'चंद्रकांता संतति'नें लोकांस असें झपाटलें, कीं ती वाचतां यावी म्हणून पुष्कळांनीं हिंदी शिकून घेतली असें सांगतात. त्यांनीं पुढें 'भूतनाथ' आरंभिली; तिचे सहा भाग लिहून १९१३ सालीं ते वारले. उरलेले भाग त्यांचे चिरंजीव दुर्गाप्रसाद ह्यांनीं लिहून गोष्ट २१ व्या भागास पोंचविली.

जॉर्डन १६ सप्टेंबर २००७ रोजीं वारला. आदल्याच दिवशीं गणेशचतुर्थी होऊन घरीं गणपति बसले होते. वार्ता दुसऱ्या दिवशीं कळली, आणि संध्याकाळच्या आरतीनंतर पुतण्यानें ती सांगितली. सहा वर्षें घरांत वावरलेली माणसें एकाएकीं मधल्या वाटेवर उभीं राहिलीं. कांहीं दिवसांनीं, गोष्ट दुसऱ्या कोणाकडून पुरी करून घेण्याचा लेखकाच्या पत्नीचा विचार असल्याचें कळलें, तेव्हां पुतण्या संतापला. "दुसऱ्याच्या हातचें मी वाचणार नाहीं," असें त्यानें स्वच्छ सांगितलें. काका कांहीं बोलले नाहींत. त्यांनीं त्याला कपाटांतून 'भावार्थ रामायण' काढावयास लाविलें. काकांच्या मातोश्री चातुर्मासांत ज्याचें पारायण करीत ती ही जुनी प्रत. "युद्धकांड काढ," ते म्हणाले, "आणि नाथमहाराजांचा हात कोठें सुटला तें मला दाखव."

वाचकांपैकीं पुष्कळांस ठाऊकच असेल, कीं युद्धकांडाचा ४४ वा अध्याय झाला आणि नाथांनीं लेखणी ठेविली. पुढील सर्व ग्रंथ गावबा ह्या त्यांच्या शिष्यानें रचिला. हा गावबा म्हणजे पुरणपोळीच्या लोभानें नाथांच्या घरीं राहिलेला मुलगा. त्याच्या तोंडीं दुसरा कोणताहि मंत्र बसेना, गुरूचें नांव तेवढें बसलें, अशी आख्यायिका आहे. पैठणांत पंडितांस तोटा नव्हता. पण काम झालें तें ह्याच्या हातून. पुतण्या तासभर ओंव्या चाळीत बसला. त्याला सांधा दाखवितां आला नाहीं. एखाद्या अभ्यासकास तो दिसेलहि. पण पारायणास बसलेल्या आमच्या आजीला तो कधीं टोंचला नाहीं एवढें खरें.

काकांनीं मग बाणभट्टाची आठवण करून दिली. 'कादंबरी' अर्धी ठेवून बाण गेला, आणि उत्तरभाग त्याच्या मुलानें लिहिला. कथा तुटल्यामुळें सज्जनांस झालेलें दुःख पाहून आपण हें काम हातीं घेतलें, कवित्वाच्या तोऱ्यानें नव्हे, असें त्यानें आरंभींच सांगून ठेविलें आहे. गंमत अशी, कीं आपण मराठींत सर्वच कथाग्रंथांस जें नांव दिलें तें ह्या अपूर्ण राहिलेल्या ग्रंथाचें. बापाच्या व मुलाच्या भाषेंत अंतर आहे हें संस्कृतज्ञ जाणतात. काकाहि तें वर्गांत शिकवीत असत. तरी उत्तरभाग फाडून टाकावा असें कोणीं म्हटल्याचें ऐकिवांत नाहीं.

तिकडे अमेरिकेंत काय झालें तेंहि ऐकण्यासारखें आहे. जॉर्डनची पत्नी हॅरिएट मॅकडूगल ही त्याची संपादिकाहि होती. ब्रँडन सँडरसन नांवाचा एक तरुण लेखक ही माला लहानपणापासून वाचीत वाढला होता. जॉर्डन गेल्यावर त्यानें लिहिलेला श्रद्धांजलीपर मजकूर तिच्या वाचनांत आला आणि तिनें त्याला बोलाविलें. जॉर्डननें दुखण्यांतहि टिपणें करून ठेविलीं होतीं, कांहीं प्रसंग सांगून उतरविले होते, आणि अगदीं शेवटचा प्रसंग स्वतःच लिहून ठेविला होता. त्या सामग्रीवरून एका भागाचे तीन भाग झाले. दोन २००९ व २०१० सालीं आले. पुतण्यानें तेव्हां आपली प्रतिज्ञा मुकाट्यानें गिळली, आणि घरांतील कोणींहि त्याला तिची आठवण दिली नाहीं. काकांनीं दोन्ही भाग ऐकले. त्यांचें मत असें, कीं नवा मुलगा लढाया बऱ्या लिहितो, पण त्याला घाई फार.

शेवटचा भाग, मालेंतील चौदावा, ८ जानेवारी २०१३ रोजीं निघाला. काका आदल्या उन्हाळ्यांत गेले होते.

सोलापुरांत त्या सुमारास सिद्धेश्वराची यात्रा असते. पुतण्या नोकरीनिमित्त पुण्यास राहत होता. तो संक्रांतीस घरीं आला तो पुस्तक घेऊनच. नंदीध्वजांच्या मिरवणुकीस सगळें घर गेलें, हा गेला नाहीं. तीन रात्रींत त्यानें नऊशें पानें संपविलीं. चौथ्या रात्रीं आमच्या काकू झोपाळ्यावर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "सांग आतां, पुढें काय झालें तें." त्या बारा वर्षें स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशीं बसून सगळी गोष्ट ऐकत आल्या होत्या, आणि ही गोष्ट आमच्यापैकीं एकाच्याहि ध्यानांत आली नव्हती. त्यांना सर्व पात्रांचीं नांवें पाठ होतीं. दोन ठिकाणीं त्यांनीं पुतण्याची चूक दुरुस्त केली. सांगून झाल्यावर त्यांनीं एवढेंच विचारलें, "शेवट कोणाच्या हातचा? त्या नव्या मुलाच्या?"

"नाहीं. शेवट पहिल्यानेंच लिहून ठेवला होता."

"मग बरें," असें म्हणून त्या निजावयास गेल्या.

पुतण्या आतां दुसऱ्या एका लेखकाची वाट पाहत आहे. जॉर्ज मार्टिन ह्याची माला १९९६ सालीं सुरू झाली. सात भाग योजिलेले, त्यांपैकीं पांचवा २०११ सालीं निघाला, आणि हा लेख लिहीत असतां सहावा आलेला नाहीं. लेखकाचा जन्म १९४८ चा. मधल्या काळांत त्या कथेवरील दूरदर्शनमालिका २०१९ सालीं संपूनहि गेली, म्हणून शेवट आतां ठाऊकच झाला असें कांहीं जण म्हणतात. हें म्हणणें आम्हांस पटत नाहीं. रावण मरतो हें ठाऊक असूनच लोक पारायणास बसतात. लेखकास रागावून पत्रें लिहिणाऱ्यांचीहि आम्हांस चीड येते. गोष्ट त्याची आहे, आणि ती त्याच्या वेळेनें होईल. मात्र टिपणें करून ठेवावींत, एखाद्या विश्वासू माणसास शेवट सांगून ठेवावा, इतकी अपेक्षा वाट पाहणाऱ्यांनीं धरली तर ती अवाजवी नाहीं. पुतण्याला हें सांगितलें तर तो म्हणतो, "काका, तो मनुष्य धडधाकट आहे, भलतें बोलूं नका."

त्यानें माडीवरच्या कपाटांत पांच भागांपुढें दोन भागांची जागा मोकळी सोडली आहे. आमच्या वहिनींना मोकळी जागा पाहवत नाहीं. त्या तेथें पंचांग आणि विजेचीं बिलें ठेवितात, आणि पुतण्या पुण्याहून आला म्हणजे तीं उचलून दुसरीकडे ठेवितो.