प्रश्न संस्थेचा, मेहनत विद्यार्थ्यांची
डेटा सायन्सच्या शिक्षणातील एक उपयोगी रीत : व्यापाऱ्याच्या नजरेतून

कापडाच्या पेढीवर नवा मुलगा लागला की त्याला कोणी पुस्तक वाचायला देत नाही. गाठी सोडणे, ताके मोजणे, डागी माल वेगळा काढणे, वसुलीला जाणे, यातूनच तो तयार होतो. सुतारकाम, जरीकाम, यंत्रमाग, कुठेही पाहा, उस्तादाच्या हाताखाली खऱ्या मालावर हात चालवल्याशिवाय कारागीर होत नाही. हीच रीत जगातील मोठमोठ्या विद्यापीठांनी संगणकाच्या एका नव्या विद्येसाठी स्वीकारली आहे. या विद्येला डेटा सायन्स म्हणतात. एखादी कंपनी, इस्पितळ किंवा महापालिका आपली खरी अडचण आणि खऱ्या नोंदी विद्यापीठाला देते आणि पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थी काही महिने मेहनत करून तिचे उत्तर शोधतात. अशा संस्थेला प्रायोजक म्हणतात. या व्यवहारात कोण काय देतो, कोणाच्या हाती काय येते आणि जोखीम कुठे आहे, हे आपल्या व्यापारी व कारागीर बंधूंनी समजून घेण्यासारखे आहे.

ही विद्या म्हणजे काय?

प्रत्येक व्यापाऱ्याकडे रोजमेळ असतो, खतावणी असते. कोणता माल कधी आला, कोणाला गेला, पैसे किती दिवसांनी मिळाले, हे सर्व त्यात असते. जाणता व्यापारी वही चाळून सांगतो की अमुक पार्टी सणानंतर पैसे अडकवते. डेटा सायन्सचे कामही हेच. फरक एवढाच की वहीच्या जागी लाखो, कोट्यवधी नोंदी असतात आणि त्या माणसाच्या नजरेत मावत नाहीत. म्हणून संख्याशास्त्र आणि संगणक यांच्या मदतीने त्यातून अर्थ काढावा लागतो व पुढचा अंदाज बांधावा लागतो.

अडचण अशी की वर्गात शिकवताना स्वच्छ, नीट मांडलेले आकडे दिले जातात. प्रत्यक्षात तसे नसते. एकाच गिऱ्हाइकाचे नाव तीन तऱ्हेने लिहिलेले असते, तारखा चुकलेल्या असतात, मधल्या दोन वर्षांच्या नोंदीच नसतात. स्वच्छ आकड्यांवर शिकलेला पदवीधर नोकरीच्या पहिल्याच दिवशी गोंधळतो. म्हणूनच खऱ्या कामाची तालीम आवश्यक ठरली.

सुरुवात कुठे झाली?

कल्पना तशी जुनी आहे. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यातील हार्वे मड कॉलेजने १९६३ साली ‘क्लिनिक’ नावाने ही पद्धत अभियांत्रिकीच्या पदवी विद्यार्थ्यांसाठी सुरू केली. डॉक्टर जसा रोग्यावर शिकतो तसा इंजिनियर कारखान्याच्या अडचणीवर शिकेल, असा हेतू होता. तेथे कंपनी फी भरून आपला प्रश्न देते, चार-पाच विद्यार्थ्यांचा गट वर्षभर त्यावर काम करतो, सोबत एक प्राध्यापक आणि कंपनीचा एक माणूस असतो. निघालेल्या कामावर मालकी कंपनीची राहते.

इंग्लंडमध्ये ऑक्सफर्ड येथे १९६८ पासून दुसरी तऱ्हा सुरू झाली. कारखानदार सोमवारी आपला प्रश्न गणितज्ञांपुढे मांडतात, आठवडाभर खल होतो आणि शुक्रवारी जे हाती लागले ते सांगितले जाते. लंडनच्या ॲलन ट्युरिंग संस्थेने पुढे याच धर्तीवर डेटा सायन्ससाठी आठवड्याचे अभ्यासगट भरवले.

डेटा सायन्सच्या पदव्युत्तर शिक्षणात ही पद्धत पक्की केली ती नॉर्थ कॅरोलिना राज्याच्या विद्यापीठाने. कापडाच्या व्यापाऱ्यांना या राज्याचे नाव वेगळ्या कारणाने ठाऊक असेल. सुती कापड आणि टॉवेलच्या गिरण्यांसाठी ते एकेकाळी प्रसिद्ध होते. पुढे गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. २००३ साली पिलोटेक्स कंपनीने टाळे लावले तेव्हा एकट्या या राज्यात सुमारे ४,८०० लोकांची नोकरी एका फटक्यात गेली. त्याच राज्यात, रॅले शहरी, २००७ साली मायकेल रॅपा यांच्या पुढाकाराने दहा महिन्यांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला. त्यात विद्यार्थ्यांचे छोटे गट केले जातात. प्रत्येक गटाला एका प्रायोजक संस्थेचा प्रश्न आणि तिच्या खऱ्या नोंदी मिळतात. गुप्ततेचा लेखी करार होतो. अभ्यासासोबतच कित्येक महिने हे काम चालते आणि शेवटी प्रायोजकाला अहवाल द्यावा लागतो. पुढे अमेरिका, कॅनडा व युरोपातील अनेक विद्यापीठांनी अशीच तऱ्हा ठेवली.

शिकागोचे एक उदाहरण

एका उदाहरणाने गोष्ट स्पष्ट होईल. २०१३ साली शिकागो विद्यापीठात रईद घनी यांनी एक उन्हाळी उपक्रम सुरू केला. गूगलचे एरिक श्मिट यांनी त्याला पैशाची मदत केली. येथे प्रश्न देणाऱ्या संस्था म्हणजे नफा कमावणाऱ्या कंपन्या नव्हत्या, सरकारी खाती आणि सेवाभावी संस्था होत्या.

शिकागो शहराच्या आरोग्य खात्याची अडचण शिशाची होती. अमेरिकेत १९७८ साली घरांसाठी शिसेयुक्त रंगावर बंदी आली, परंतु त्याआधी बांधलेल्या जुन्या घरांच्या भिंतींवर तो रंग राहिलाच. त्याचे पोपडे आणि धूळ लहान मुलांच्या पोटात जाते आणि त्यांच्या मेंदूवर कायमचा परिणाम होतो. खात्याची पद्धत अशी होती की मुलाच्या रक्ताची तपासणी करायची आणि त्यात शिसे जास्त आढळले की त्याच्या घरी निरीक्षक पाठवायचा. म्हणजे घराची दुरुस्ती होईपर्यंत मुलाचे नुकसान होऊन गेलेले असे. गरीब वस्तीतील, भाड्याच्या घरातील मुले यात अधिक भरडली जात.

आरोग्य खात्याने अनेक वर्षांच्या रक्ततपासणीच्या आणि घरांच्या पाहणीच्या नोंदी दिल्या. गटाने त्यांना घराचे वय, त्याची अवस्था, वस्तीची जनगणनेतील माहिती जोडली. मग प्रश्नच बदलला. ‘कोणत्या मुलाला बाधा झाली?’ याऐवजी ‘कोणत्या मुलाला होण्याचा धोका आहे?’ असे विचारले गेले. निरीक्षक थोडे, घरे हजारो. तेव्हा सर्वांत अधिक धोक्याची घरे आधी यावीत अशी क्रमवार यादी करायची. या पद्धतीचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला.

यात विद्यार्थ्यांनी कोणतीही जादू केली नाही. नोंदी खात्याकडे वर्षानुवर्षे पडून होत्या. नीट प्रश्न विचारणारा आणि त्या नोंदी एकमेकींना जोडणारा कोणी हवा होता, तो मिळाला.

देणे-घेणे

आता याचा हिशेब मांडू. प्रायोजक संस्था नोंदी देते, काही ठिकाणी फी देते आणि आपल्या एका जाणत्या माणसाचा वेळ देते. बदल्यात तिला ताज्या दमाच्या मुलांची मेहनत आणि प्राध्यापकांची देखरेख मिळते. मोठ्या सल्लागार कंपनीला दिलेल्या रकमेशी तुलना केली तर हा सौदा स्वस्त पडतो. शिवाय चार-पाच मुलांचे काम महिनोन्‌महिने डोळ्यांसमोर होते. त्यातून नोकरीला कोण घ्यावे, हे मुलाखतीपेक्षा चांगले कळते. विद्यार्थ्याला खऱ्या मालाची ओळख होते आणि हाताशी दाखवण्यासारखे काम राहते. विद्यापीठाला आपला अभ्यासक्रम बाजाराच्या गरजेला उतरतो की नाही, हे समजते.

या व्यवहारात सर्वांत महाग वस्तू पैसा नाही. ती म्हणजे जाणत्या माणसाचा वेळ. वहीतील एखाद्या रकान्याचा अर्थ काय, एखादा आकडा अचानक का वाढला, हे संस्थेतलाच माणूस सांगू शकतो. तो दर आठवड्याला भेटला नाही तर हुशार मुलेही अंधारात चाचपडतात.

सौदा कुठे फसतो?

पहिले कारण, मोघम प्रश्न. ‘आमच्या नोंदीतून काही निघते का ते पाहा’ असे सांगणारा प्रायोजक रिकाम्या हाताने परततो. दुसरे कारण, नोंदी मिळण्यात उशीर. कराराच्या कागदपत्रांतच निम्मा वेळ गेला तर कामाला काय उरणार?

तिसरे कारण समजण्यासाठी विद्यार्थ्यांच्या प्रकल्पाबाहेरचे पण याच जातीचे एक प्रकरण पाहू. चित्रपट घरपोच देणाऱ्या नेटफ्लिक्स कंपनीने २००६ साली जाहीर स्पर्धा ठेवली. गिऱ्हाइकाला कोणता चित्रपट आवडेल याचा कंपनीचा अंदाज जो १० टक्क्यांनी सुधारेल, त्याला १० लाख डॉलर. २००९ साली बक्षीस दिले गेले. पण ज्या अंतिम उत्तराला बक्षीस मिळाले ते पूर्णपणे वापरात आलेच नाही. सुधारणा होती, पण ती बसवण्याचा खटाटोप परवडणारा नव्हता, असे कंपनीने नंतर सांगितले. स्पर्धेतील आधीच्या टप्प्यातल्या साध्या पद्धती मात्र कामी आल्या. कागदावर उत्तम असलेले उत्तर दुकानात चालेलच असे नाही.

चौथे कारण सर्वांत गंभीर. त्याच स्पर्धेसाठी कंपनीने सुमारे ४ लाख ८० हजार गिऱ्हाइकांच्या आवडीनिवडी नावे काढून जाहीर केल्या होत्या. टेक्सास विद्यापीठातील दोन संशोधकांनी दाखवून दिले की इंटरनेटवर लोकांनी उघडपणे दिलेल्या मतांशी ताडून पाहिले तर त्यातील माणसे ओळखता येतात. प्रकरण कोर्टात गेले आणि २०१० साली कंपनीला पुढची स्पर्धा रद्द करावी लागली. नाव खोडले म्हणजे माणूस लपला असे नाही. गिऱ्हाइकाची माहिती ही आपल्याकडे ठेवलेली अमानत आहे. ती दुसऱ्याच्या हाती देताना करार, मर्यादा आणि काम संपल्यावर माहिती नष्ट करण्याची अट हवीच. भारतातही २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला असून त्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

आपल्याला यात काय?

आपल्या देशात कोलकात्याची भारतीय संख्याशास्त्र संस्था, तेथीलच आयआयएम आणि खरगपूरची आयआयटी या तिघांनी मिळून २०१५ साली असा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला. त्यात विद्यार्थ्याला सहा महिने उद्योगात प्रत्यक्ष काम करावे लागते. ज्यांची मुले-मुली गणित किंवा संख्याशास्त्र घेऊन शिकत आहेत, त्यांनी प्रवेशापूर्वी प्रत्येक कॉलेजला एवढे जरूर विचारावे : तुमच्याकडे खऱ्या संस्थेचे काम मिळते का, की पुस्तकातल्याच आकड्यांवर परीक्षा होते?

राहिला प्रश्न आपल्या धंद्याचा. आठ-दहा माग चालवणाऱ्याने किंवा एका दुकानदाराने प्रायोजक व्हावे, हे व्यवहाराला धरून नाही. त्याच्या नोंदी थोड्या आणि वेळ त्याहून थोडा. परंतु यंत्रमागधारकांचा संघ, सहकारी पतसंस्था किंवा व्यापारी असोसिएशन हे करू शकते. जवळच्या कॉलेजच्या संख्याशास्त्र विभागाकडे एक नेमका प्रश्न घेऊन जाता येईल. कोणत्या जातीचे कापड गोदामात किती दिवस पडून राहते? उधारी कोणत्या महिन्यात अडकते? सुताचा भाव चढला की मागणी किती दिवसांनी घटते? मात्र जाण्यापूर्वी चार गोष्टी तयार हव्यात : एका वाक्यात सांगता येईल असा प्रश्न, निदान दोन-तीन वर्षांच्या सलग नोंदी, आठवड्याला एक तास देणारा जाणता माणूस आणि लेखी करार.

यातील दुसरी गोष्ट कोणत्याही विद्यापीठाकडून मिळणार नाही. आज आपला माल इंटरनेटवरून विकणाऱ्या कंपन्यांकडे आपल्या विक्रीची, आपल्या गिऱ्हाइकाची बारीकसारीक नोंद आहे. आपल्यातील पुष्कळांकडे मात्र चिठ्ठ्या आणि आठवण एवढेच आहे. आपल्याच धंद्याची माहिती दुसऱ्याच्या तिजोरीत जमा होत असेल तर उद्या भावही तोच ठरवणार. शिकागोच्या त्या आरोग्य खात्याकडे जुन्या नोंदी नसत्या तर सर्वांत हुशार विद्यार्थीही काही करू शकला नसता. म्हणून ताका विकला, पैसे आले, माल परत आला, हे सर्व त्याच दिवशी, तारखेसह, एकाच पद्धतीने लिहिण्याची सवय लावा. वही कागदाची असो की संगणकाची, ती पक्की असेल तर तिचा अर्थ लावणारा शिकलेला मुलगा किंवा मुलगी मिळेल, आणि बहुधा ती आपल्याच घरातली असेल.