भिलाईहून बस्तरकडे : चौदा दिवसांची आखणी

प्रवासाला निघणाऱ्या गृहस्थाच्या खिशात बहुधा दोन कागद असतात. एक रजेचा, दुसरा पाहावयाच्या स्थळांचा. रजेचा कागद लहान असतो, स्थळांचा लांबलचक. आणि लांब कागद आखूड कागदात कोंबण्याच्या खटपटीलाच पुष्कळ लोक प्रवासाची आखणी समजतात. परिणाम ठरलेला असतो. चौदा दिवसांपैकी नऊ दिवस मोटारीत जातात, घरातली वडीलधारी माणसे चौथ्या दिवशी कुरकुरू लागतात, आणि परतल्यावर कोणते देऊळ कोणत्या गावी पाहिले हे छायाचित्रांवरून ठरवावे लागते.

वस्तुतः प्रत्येक मुलखाची स्वतःची एक अट असते. ती अट ओळखली की वेळापत्रक आपोआप जुळत जाते. दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाचे उदाहरण घ्यावे. समुद्रकाठच्या लिमा शहरातून विमानाने निघालेला प्रवासी थोड्याच वेळात अँडीज पर्वतातील कुस्को येथे उतरतो. कुस्को सुमारे ३,४०० मीटर उंचीवर आहे. तेथील विरळ हवेत धडधाकट माणसालाही धाप लागते आणि डोके दुखू लागते. म्हणून जाणते प्रवासी पहिले एकदोन दिवस विश्रांतीसाठी राखून ठेवतात. त्या देशात प्रवासाचा क्रम उंची ठरवते. छत्तीसगडात तो पाणी ठरवते.

छत्तीसगडच्या नकाशावर मधला सखल मुलूख महानदीचा आणि तिला मिळणाऱ्या शिवनाथेचा. ही भाताची खाचरे, हे तलाव आणि ही दाट वस्तीची गावे. दक्षिणेकडे कांकेर सोडून केशकालचा घाट चढला की बस्तरचे पठार लागते, आणि तो मुलूख इंद्रावतीचा. पहिली नदी पूर्वेला ओडिशात शिरते. दुसरी पश्चिमेला वळून गोदावरीला मिळते. तेव्हा चौदा दिवसांची वाटणी स्वाभाविकच होते : पहिला आठवडा महानदीच्या खोऱ्यात, दुसरा इंद्रावतीच्या.

प्रवासाचा काळही पाणीच सांगते. चित्रकोटचा धबधबा पावसाळ्यात आणि त्यानंतर लगेच भरात असतो. उन्हाळ्यात त्याच्या काही धाराच उरतात. उलट कांगेर खोऱ्यातील कुटुमसरची गुहा पावसाळ्यात पाणी शिरत असल्याने बंद असते आणि पाऊस सरल्यावरच उघडते. धबधबा भरलेला आणि गुहा उघडी, असा योग नोव्हेंबरच्या सुमारास जुळतो. त्याच दिवसांत भाताची कापणी चाललेली असते व हवाही सुखद असते.

आरंभ भिलाईपासून करावा. मुंबई–हावडा लोहमार्गावरील हे ठिकाण मराठी प्रवाशाला नागपूरमार्गे सोयीचे आहे, आणि परकेही नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत दुर्ग आणि नागपूर ही एकाच राज्यात होती व राजधानी नागपूरला होती. सोव्हिएत संघाच्या साहाय्याने पोलाद कारखाना उभारण्याचा करार फेब्रुवारी १९५५ मध्ये झाला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्यासाठी अनेक गावांनी आपल्या जमिनी सोडल्या, आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतून कामगार आले. त्यांत विदर्भातील मराठी कुटुंबेही होती. कारखाना पाहण्यासाठी आगाऊ परवानगी लागते. ती निघण्यापूर्वीच मागावी. सेक्टरांची आखीव वसाहत, झाडांनी झाकलेले रस्ते आणि मैत्रीबाग यांसाठी दोन दिवस पुरेसे आहेत.

तिसरा दिवस दल्ली-राजहऱ्याचा. बालोदवरून, तांदुला जलाशयाच्या बाजूने, दक्षिणेला सुमारे ऐंशी-पंचाऐंशी किलोमीटर गेले की भिलाईच्या भट्ट्यांना कच्चे लोखंड पुरवणाऱ्या टेकड्या दिसतात. पोलाद म्हणजे कोठेतरी एक डोंगर कमी होणे, ही गोष्ट पुस्तकात वाचणे वेगळे आणि पायऱ्यापायऱ्यांनी कापत नेलेला लाल डोंगर समोर पाहणे वेगळे. भिलाईत दोन-दोन पिढ्या घालवलेल्या कुटुंबांनीही हा दिवस एकदा काढावा. पुढे बस्तरात जे दिसणार आहे, त्याचा अर्थ येथे लागतो.

चौथ्या दिवशी रेल्वेने बिलासपूर गाठून पाचवा दिवस रतनपूरला द्यावा. कलचुरी राजांची ही जुनी राजधानी १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करराम यांनी जिंकली. पुढे १७५८ पासून १७८७ पर्यंत बिंबाजी भोसले येथूनच छत्तीसगडचा कारभार पाहत होते. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य इंग्रजांनी खालसा केले, तेव्हा छत्तीसगडही त्यांच्याकडे गेले. महामायेचे देऊळ आणि टेकडीवरील राममंदिर पाहताना हा शतकभराचा संबंध ध्यानात असावा. या प्रदेशातील कलचुरींचे शिलालेख व ताम्रपट वाचून त्यांचा इतिहास जुळवण्याचे काम महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी नागपुरात बसून केले.

संध्याकाळी रायपूरला परतून सहावा दिवस सिरपूर आणि सातवा राजीम असा क्रम ठेवावा. दोन्ही गावे महानदीच्या तीरावर आहेत. सिरपूरचे लक्ष्मणमंदिर सुमारे सातव्या शतकातले, आणि तेही विटांचे. राणी वासटा हिने आपल्या दिवंगत पतीच्या स्मरणार्थ ते बांधविले. विटांवरील कोरीव काम पाहिले म्हणजे लाकडावर पटाशी चालावी तसे हात तिच्यावर चालले असावेत असे वाटते. १९५३ नंतर मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी येथे केलेल्या उत्खननात बौद्ध विहार उजेडात आले. राजीमला महानदी, पैरी आणि सोंढूर यांचा संगम आहे. राजीवलोचनाचे देऊळ काठावर आहे, तर कुलेश्वराचे देऊळ नदीच्या पात्रातच उंच जोत्यावर उभे आहे. पूर येतो, जोत्याला धडकतो आणि ओसरतो. पाण्याशी भांडण न करता त्याच्यात उभे कसे राहावे, याचा धडा जुन्या गवंड्यांनी येथे घालून ठेवला आहे.

आठव्या दिवशी धमतरीवरून कांकेर. नवव्या दिवशी केशकालच्या घाटाची बारा वळणे चढून कोंडागाव. नकाशावर हे अंतर बोटभर दिसते. परंतु दुरून डोंगर साजरे, ही म्हण रस्त्यालाही लागू आहे. घाटात मालमोटारींची रांग लागली तर दुपार तेथेच जाते. रायपूर ते जगदलपूर हे सुमारे तीनशे किलोमीटर एका दमात तोडण्यापेक्षा मध्ये मुक्काम करणे यासाठीच शहाणपणाचे.

कोंडागावला घडव्यांचे काम पाहावे. मातीच्या गाभ्यावर मेणाच्या बारीक वळ्या गुंडाळून आकृती घडवतात, तिच्यावर पुन्हा मातीचा थर देतात, आणि भट्टीत मेण वितळून गेले की त्या पोकळीत तापलेला धातूचा रस ओततात. साचा फोडावाच लागतो, म्हणून एका मूर्तीसारखी दुसरी होत नाही. याच भागातले लोहार तापवलेले लोखंड ठोकून दिवे आणि हरणे घडवतात. भिलाईची धग पाहून आलेल्या प्रवाशाला ही लहानशी भट्टी थोरल्या भट्टीची वडीलधारी नातलग वाटावी.

दहावा दिवस जगदलपुरात मोकळा ठेवावा. आखणीत एक दिवस रिकामा नसेल तर ती आखणी नव्हे, अडकवणूक होय. जवळपास कोणता आठवडी बाजार भरतो हे विचारून तेथे जावे. चिंच, चारोळी, मोहाची फुले, तांबड्या मुंग्यांची चापडा नावाची चटणी हे सारे तेथे दिसते. बाजार हा तेथील लोकांचा व्यवहार आहे, पाहुण्यांसाठी मांडलेला देखावा नव्हे. न विचारता कोणाचे छायाचित्र घेणे हा उद्धटपणाच. मराठी कानाला येथे एक आश्चर्य भेटते. बस्तरात निरनिराळ्या जमातींना जोडणाऱ्या हलबी बोलीत ओळखीचे शब्द ऐकू येतात. ग्रिअर्सनने आपल्या भाषिक पाहणीत हलबीचा विचार १९०५ च्या मराठीविषयक खंडात केला होता. पुढे अनेकांनी तिला मिश्र बोली मानले.

अकराव्या दिवशी चित्रकोट, बाराव्या दिवशी कांगेर खोरे. चित्रकोटला इंद्रावती घोड्याच्या नालेसारख्या कड्यावरून सुमारे ९५ फूट खाली येते. तीरथगडचा प्रपात सुमारे ३०० फुटांचा, परंतु टप्प्याटप्प्याने उतरणारा. कुटुमसरच्या गुहेत वाटाड्या आणि दिवा घेऊनच उतरावे लागते. गुडघे दुखणाऱ्यांनी वर झाडाखाली बसावे, त्यात कमीपणा नाही.

तेरावा दिवस बारसूर आणि दंतेवाड्याचा. दंतेवाड्याला शंखिनी-डंकिनीच्या संगमावर दंतेश्वरीचे देऊळ आहे. तिच्याच नावाने जगदलपुरात पंचाहत्तर दिवसांचा दसरा होतो. त्यात रावण जाळीत नाहीत, देवीचा लाकडी रथ ओढतात. दंतेवाड्याच्या पलीकडे बैलाच्या वशिंडासारखी बैलाडिलाची रांग आहे. तेथील लोखंड समुद्रापलीकडे जपानला पाठवण्यासाठी पूर्वघाट ओलांडून विशाखापट्टणपर्यंत लोहमार्ग बांधला गेला, आणि १९६८ मध्ये किरंदुलच्या खाणीतून उत्पादन सुरू झाले. राजहऱ्यापासून सुरू झालेली लोखंडाची कथा येथे पुन्हा भेटते, आणि तिच्याबरोबर एक प्रश्नही भेटतो : ज्या डोंगरांनी देशाला पोलाद दिले, त्यांच्या पायथ्याच्या माणसांना काय मिळाले? दक्षिण बस्तरने कित्येक दशके रक्तपातही पाहिला. म्हणून आतल्या रस्त्यांवर जाण्यापूर्वी स्थानिक प्रशासनाला विचारावे, अंधार पडण्यापूर्वी मुक्काम गाठावा, आणि हिवतापाचा प्रदेश असल्याने निघण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घेऊन मच्छरदाणी बरोबर बाळगावी.

चौदावा दिवस परतीचा. तो पुरता प्रवासातच जातो असे धरून चालावे. या यादीत भोरमदेव नाही, मैनपाट नाही, रामगडच्या गुहा नाहीत. त्या दुसऱ्या रजेसाठी. काय गाळावे हे ज्याला कळले, त्यालाच आखणी कळली.

नाशिकच्या घाटावर स्नान करणाऱ्या मराठी माणसाला गोदावरी आपली वाटते. तिच्यात खाली कोठेतरी चित्रकोटच्या कड्यावरून उडी घेतलेले पाणीही येऊन मिळते, हे ज्याने चौदा दिवसांत डोळ्यांनी पाहिले, त्याची रजा सत्कारणी लागली.